अज्ञान, वय वर्षे सोळा

"जी मुलगी पाण्याची मोटार खोलून पुन्हा जोडते, तिला अज्ञान म्हणणारा कायदाच अज्ञान नाही का, महाराज?"

ॲडव्होकेट ऋत्विज सबनीसने प्रश्न टाकला आणि उत्तराची वाट न बघता बत्तीस पानी अर्ज गिरीबुवांच्या पुढ्यात ठेवला.

गिरीबुवा म्हणजे टेकडीखालच्या मठातले म्हातारे गोसावी. त्यांनी अर्ज उचलला नाही. भोपळ्याचं वजन करावं तसं त्याच्याकडे नुसतं बघितलं.

ऋत्विज लंडनला कायदा शिकून जूनमध्येच परतला होता. घरी हाल होत असतील तर काही देशांत सोळा वर्षांचं पोरही कोर्टाकडून स्वतःचा कारभार स्वतःकडे मागून घेऊ शकतं, हे तिथे वाचल्यापासून त्याची झोप उडाली होती. इकडे येऊन त्याने तालुक्याला खोली घेतली, पाटी लावली आणि त्याला मोनाली भालके सापडली.

मोनालीची आई गेलेली. वडिलांनी दुसरं लग्न केलं आणि त्या घरातली दोन बाळं सांभाळायला ते हिची शाळा बंद करायला निघाले. ती तडक मठात आली, स्वयंपाकाच्या पार्वताबाईंच्या खोलीत राहिली आणि दहावी पास झाली. मठाची मोटारही आता तिच्याशिवाय कुणाचं ऐकत नव्हती.

ती चहा घेऊन आली. घडी घातलेला एक कागद जमिनीवर ठेवून त्यावर तिने बशी ठेवली आणि बाजूला बसली.

"काय मागितलंय यात?" बुवांनी विचारलं.

"हिला आजच सज्ञान ठरवावं. वडिलांचा अधिकार संपावा."

"मग हिची सही कुठाय?"

ऋत्विज जरा घुटमळला. अज्ञान मुलाला स्वतःच्या सहीने कोर्टात जाता येत नाही, त्याच्या वतीने कुणीतरी मोठं माणूस लागतं, कायद्याच्या भाषेत त्याला वादमित्र म्हणतात, असं त्याने समजावलं.

"म्हणजे पालक नको हे सांगायला आधी पालक आणायचा."

"तांत्रिक बाब आहे, महाराज. म्हणून तर आपल्याकडे आलो. वादमित्र म्हणून आपण सही केलीत तर..."

"मी संन्यास घेतला तेव्हा माझं श्राद्ध मीच घातलंय. मेलेल्याची सही घेतात का तुमच्या कोर्टात?"

"कावळासुद्धा लगेच शिवला होता म्हणे," मोनाली म्हणाली.

ऋत्विज हसला नाही. त्याने वहीत लिहिलं: संन्याशाची सही, तपासणे.

"निकाल कधी लागेल?"

"खाली दोन वर्षं, मग वरचं कोर्ट. पाच धरा. पण निकाल ऐतिहासिक असेल, महाराज."

मोनालीने बोटांवर मोजलं.

"म्हणजे सोळाव्या वर्षी मी मोठी होते, हे मला एकविसाव्या वर्षी कळणार."

...

"चहा घ्या," बुवा म्हणाले.

ऋत्विजने बशी उचलली. खालच्या कागदावर चहाचं गोल वळं उमटलं होतं. त्याने घडी उलगडली. आयटीआयच्या वसतिगृहाचा फॉर्म. ट्रेड, वायरमन. शेवटची मुदत आज, संध्याकाळी पाच. सगळे रकाने मोनालीच्या अक्षरात भरलेले. एकच रिकामा होता... पालक किंवा स्थानिक पालक यांची सही.

वडील म्हणाले होते, आधी घरी येऊन बाळं घे, मग सहीचं बघू. बुवा मयत. पार्वताबाई तयार होत्या, पण स्थानिक पालक तालुक्याच्या गावात राहणारा हवा होता.

"हे आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही बोलत होता."

त्याने पेन काढलं. मग बारीक अक्षरातल्या अटी वाचल्या. मुलगी आजारी पडली तर यांना बोलावणार. सुट्टी यांच्या सहीने. तक्रार झाली तर हजर राहायचं यांनी. दोन वर्षं.

तेवढ्यात फोन वाजला. ऋत्विज उठून अंगणात गेला, पण मठाच्या अंगणातलं सगळंच ओसरीवर ऐकू येतं. हो पप्पा, जेवलो. नाही, उन्हात नाही हिंडत. एक मुलगी आहे, वायरमन. नाही पप्पा, तसं काही नाही, फक्त सही. बरं... बरं.

तो परत आला तेव्हा पेनाला टोपण लागलेलं होतं.

"पप्पा म्हणतात, सही करण्याआधी कागद त्यांना पाठवावा. ते रात्री निवांत बघतील."

...

ओसरीवरच्या घड्याळात साडेतीन झाले होते. तालुक्याला पोचायला अर्धा तास.

"वकीलसाहेब, तुमचं वय काय?" मोनालीने विचारलं.

"अठ्ठावीस."

तिने बत्तीस पानी अर्जाचं पहिलं पान उघडलं आणि आपल्या नावाखाली बोट ठेवलं.

"अर्जदार क्रमांक दोनला जागा आहे का हो इथं?"

बुवा दाढीत हात घालून छताकडे बघत राहिले.

ऋत्विजचे कान तापले. फोन पुन्हा आला. त्याने तो जमिनीवर ठेवला. फोन थरथरत थरथरत बशीपर्यंत सरकला, बशीला धडकला आणि गप्प झाला.

मग त्याने टोपण काढलं आणि सही केली. पूर्ण नावाची, वाचता येईल अशी.

'विद्यार्थिनीशी नाते' या रकान्यापाशी पेन अडलं.

"वादमित्र लिहा," मोनाली म्हणाली. "वाद तर आपण घालणारच."

त्याने तसंच लिहिलं. तिने शाईवर फुंकर घातली, बुवांच्या पाया पडली आणि त्याच्या स्कूटरची चावी उचलून त्याच्या हातात दिली.

गिरीबुवांनी गार झालेला चहा ओठाला लावला.

"चला, एक सज्ञान झाला. पोरी, तुझं बघू दीड वर्षाने."