नवी डिस्क आणि म्हातारी बायोस

दहा वर्षं झाली, म्हणजे संगणकांच्या लेखी युगंच लोटली. एका वाचनालयातल्या संगणकात बायोस नावाची म्हातारी चिप राहत असे. बटण दाबलं की ती डिस्कला हाक मारायची, डिस्क ओ द्यायची आणि पडदा उजळायचा.

एके दिवशी जुनी डिस्क थकली. इरफान मिस्त्रीने तिच्यातलं सगळं नव्या डिस्कमध्ये उतरवलं, जुनी काढली आणि तिच्या जागी नवी बसवली. बटण दाबलं. बायोसने हाक मारली, पण ओ आली नाही. पडदा काळाच राहिला.

"पांढऱ्या पायाची दिसतेय," संगणकातला पंखा गरगरत म्हणाला. "आली आणि घर बंद पडलं."

"तीनदा हाक मारली मी," बायोस म्हणाली. "मुकी असेल नाहीतर माजोरी."



ग्रंथपाल कुंदाबाई वैतागून म्हणाल्या, "मिस्त्री, ही परत करा, नाहीतर अख्खं यंत्रच भंगारात द्या."

भंगार म्हणताच पंखासुद्धा अडखळला.

"थांबा बाई," म्हणत इरफानने बायोस जिच्यातली नावं घेऊन हाक मारायची ती यादी उघडली आणि तो हसला. यादीत एकच नाव होतं, जुन्या डिस्कचं. ते काढून त्याने नवीचं घातलं आणि पुन्हा बटण दाबलं. बायोसने ते नाव उच्चारलं मात्र, पडदा लख्ख उजळला.

"अगं, मग इतका वेळ कुठे होतीस?" बायोसने दटावलं.

"इथेच होते, आजी," नवी डिस्क म्हणाली. "मी तर पहिल्या हाकेलाच ओ दिली."