सगुणीची उष्टी बोटं

हिरव्यागार डोंगराच्या पायथ्याशी मोगऱ्याचा एक मळा होता. मळ्याकडेच्या झोपडीत सगुणी आणि तिची आई राहायची. आई देवळासाठी हार गुंफायची, त्यावरच दोघींची चूल पेटायची. आता आईची नजर अधू झाली होती. सुईत दोरा ओवता ओवता ती रडकुंडीला यायची. सगुणीला मदतीची भारी हौस, पण करणार कशी? तिची बोटं सदा तोंडात! नखं कुरतडून संपली की कडेची कातडी सोलायची, रक्त येईपर्यंत.

"उष्ट्या हातांनी देवाची फुलं? शिवायचं नाही!" आई ओरडायची.

कडुलिंबाचा रस लावून झाला, मिरची चोळून झाली, चिंध्या बांधून झाल्या. शेजारच्या काकू येता-जाता म्हणायच्या, "काढ गं हात तोंडातून!" सगुणी मुकाट्याने हात काढायची, आणि बघते तो बोट पुन्हा तोंडातच. वैताग नुसता! सगळे तिला कंटाळले होते, आणि सगळ्यांपेक्षा जास्त ती स्वतःला कंटाळली होती.

त्यात उद्या देवळात उत्सव. मोठा हार झाला नाही, तर काम दुसऱ्या कुणाकडे जाणार होतं. आईची ती फुलांशी चाललेली झटापट सगुणीला बघवेना. ती मळ्यात पळाली आणि कुंपणाशी बसून हमसून हमसून रडली.

तेवढ्यात एक इवलीशी कळी टपकन उमलली. आत गुलाबी झगा घातलेली चिमुकली परी होती! तिच्या रुपेरी पंखांवर निळ्या-सोनेरी टिकल्या लुकलुकत होत्या.

"एकच मागणं माग," परी म्हणाली. "पण रागाने मागायचं नाही, आणि शिक्षा मागायची नाही. तसं मागणं फळत नाही."

"माझी नखंच काढून टाक!"

"ही शिक्षा झाली."

"मग बोटं कारल्यासारखी कडू कर!"

"अगं, पुन्हा शिक्षाच! काय म्हणावं या पोरीला!" परी वैतागली, आणि बोलता बोलता पंखावरची एक टिकली उपटू लागली. मग दुसरी. सगुणीने नीट पाहिलं. पंखांच्या कडा पार विरल्या होत्या.

सगुणी तिच्यावर ओरडली नाही. हळूच म्हणाली, "परीताई, दुखतं ना गं?"

परीने चपापून हात मागे लपवला. "सगळ्या पऱ्या म्हणतात, सोड ते! मला का हौस आहे? हात कधी जातो तेच कळत नाही."

"आत्ता गेला तेव्हा काय वाटत होतं?"

परी विचारात पडली. "तुझं मागणं मला पुरं करता येणार नाही, अशी भीती वाटत होती."

"अगं बाई! माझंही तसंच. आई काळजीत दिसली की माझा हात जातो." सगुणीने डोळे पुसले. "माझं मागणं ठरलं. परीताईच्या हाताला कुरवाळायला काहीतरी मऊ मऊ मिळू दे."

परीच्या ओंजळीत पिसांचा शुभ्र गोळा अलगद उतरला. तो कुरवाळताना तिचे पंख झळाळू लागले. तिने सगुणीची सोललेली बोटं हातात घेतली. "खोड मी काढून घेणार नाही, बाळ. पण हात तोंडाकडे निघाला, की बोट चमकेल. तेव्हा थांबायचं आणि मनात काय आहे ते बोलायचं." मळाभर चांदीसारखा प्रकाश सांडला आणि त्यात परी विरून गेली.

सगुणी घरी आली. आई फुलांच्या टोपलीशी हताश बसली होती. सगुणीचा हात वर निघाला आणि बोट लख्खकन चमकलं.

"आई," ती म्हणाली, "मला भीती वाटतेय. आपलं काम जाईल म्हणून. भीती वाटली की बोट जातं गं, मी मुद्दाम नाही करत."

आईच्या मनात आलं, इतकं ओरडलो आपण, पण हे कधी विचारलंच नाही! तिने उठून तांब्याने सगुणीच्या हातांवर पाणी घातलं, पदराने एकेक बोट हळुवार टिपलं आणि टोपली तिच्यापुढे सरकवली.

"पुन्हा गेलं तर?" सगुणीने घाबरत विचारलं.

"तर पुन्हा धुऊ," आई म्हणाली. "घे, ओव."