कोणाचा साक्षीदार?

सकाळी मजूर नाक्यावर पोलिसांची गाडी थांबली आणि फौजदारांनी अन्वर गवंड्याचा दंड धरला. अन्वर बंगालमधल्या मालदाचा, दहा वर्षं इथेच राबणारा. त्याचं बंगाली वळणाचं बोलणं ऐकून फौजदार म्हणाले, "बांगलादेशी दिसतोस. बस गाडीत." तो कागदपत्रं पुढे करत राहिला, पण ती कोणी उघडूनही पाहिली नाहीत. आदल्या आठवड्यात असाच नेलेला एक रंगारी अजून परतला नव्हता.

समोरच्या दुकानात शिवणकाम करणाऱ्या सुलभा खरात मशीन सोडून रस्त्यावर आल्या आणि त्यांनी मोबाइल धरला. त्या शूटिंग करू लागल्या.

"ओ बाई, शूटिंग बंद करा. सरकारी कामात अडथळा आणताय," फौजदार खेकसले.

सुलभाताई दहा पावलं मागे सरकल्या. "आता होतोय का अडथळा?"

"मोबाइल इकडे द्या."

"त्याआधी एक सांगा साहेब. तुम्ही कायद्यानं वागत असाल, तर हे शूटिंग उद्या तुमचा साक्षीदार. नसाल, तर त्याचा. मग तुम्ही नेमका कोणाचा साक्षीदार पळवताय?"

नाक्यावरचे सगळे मजूर फौजदारांकडे पाहू लागले. काहीही उत्तर दिलं, तरी ते मोबाइलमध्ये जाणार होतं. शेवटी त्यांनी अन्वरची कागदपत्रं घेतली, एकेक वाचली आणि परत दिली. "जा कामाला."

गाडी निघाली. सुलभाताई मोबाइल खाली घेणार, तेवढ्यात अन्वर हळूच म्हणाला, "ताई, थोडं थांबा. गाडी वळणाआड जाऊ द्या."