हनुवटीवरचा डाग

गावच्या फोटो स्पर्धेत तान्हाबाईंचा एकच फोटो दोघांनी दिला होता. सुनेनं तो घरच्या प्रिंटरवर छापला होता, मुलानं धामणकरांच्या लॅबमधून काढून आणला होता. परीक्षक खुद्द धामणकर.

"घरी छापलं की हनुवटीवर असे डाग येतात. आमचा बघा, कसा स्वच्छ," म्हणत त्यांनी लॅबच्या फोटोला पहिला नंबर दिला आणि फोटोतल्या बाईसाठी असलेली मानाची शाल घ्यायला तान्हाबाईंना बोलावलं. सुनेची मान खाली गेली.

मंचावर चढून तान्हाबाईंनी हनुवटी वर केली. तिथं हिरवं गोंदण होतं.

"हे मला आईनं गोंदवलंय, सरणापर्यंत माझ्यासोबत येणार. तुमच्या फोटोतल्या बाईला ते नाही. मग शाल तिलाच बोलावून द्या की."

धामणकरांनी पहिल्या नंबरासाठी सुनेचं नाव पुकारलं.