माहेरी गेलेली राणी आणि पळणारं सिंहासन

एकदा काय झालं, एका सिंहासनाला पाय फुटले. हसू नका रे, खरंच फुटले! हिंदोळसेन राजाचं सिंहासन होतं ते. ते जिथं बसेल तीच राजधानी, अशी त्या राज्याची रीत.

तेव्हा केतकी राणी पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली होती. मुलगी झाली, लोण्याच्या गोळ्यासारखी! पण नाव कोण ठेवणार? आत्या! आणि आत्या तर राजधानीत, राजाजवळ. तिची वाट बघून बघून राणी थकली. म्हणाली, "माझं बाळ किती दिवस बिननावाचं ठेवू? आपणच जाऊ." मग बाळाला घेऊन ती मेण्यात बसली.

नदीकाठच्या राजधानीत येते तर काय, राजवाडा ओस! घाटावर एक म्हातारी तेवढी बसलेली.

"राणीसाहेब, नदीनं वाट बदलली हो! पाणी गेलं तसं सिंहासन उठलं नि डोंगरावर झऱ्यापाशी पळालं. त्याच्यामागं राजा, राजामागं सगळे. त्या धांदलीत तुम्ही माहेरी आहात हेच विसरले. मलाही विसरले."

राणीला अस्सा राग आला! मग ती डोंगर चढली. तिथेही शुकशुकाट. दारात एक पहारेकरी, पायानं अधू.

तो म्हणाला, "इथं शत्रू चढत नाही, पण व्यापाऱ्यांचे बैलही चढत नाहीत. बाजार भरेना, म्हणून सिंहासन समुद्राकडं गेलं. मला काही पळता आलं नाही."

मग राणी समुद्रावर पोचली. आणि बघते तर, अगं बाई! खाऱ्या वाऱ्यानं अंग खाजतं म्हणून सिंहासन पुन्हा निघालेलं! एक पाय उचललेला, आणि दुसऱ्या पायाला राजा लोंबकळतोय. "थांब रे बाबा, थांब!"

राणी धावली, सिंहासनापुढे उभी राहिली. "पाणी हवं म्हणून गेलंस, पटलं. बाजार हवा म्हणून गेलंस, तेही पटलं. पण मागे राहिलेल्यांनी कुणाच्या तोंडाकडे बघायचं?"

असं म्हणून तिनं बाळाला सिंहासनावर ठेवलं. सगळ्यांचे श्वास अडकले, बरं का! आणि बाळानं काय केलं? खुशाल शू केली!

सिंहासन दचकलं. आजवर त्याच्यावर फक्त मुकुटवाले बसलेले. मग ते खदखदून हसलं आणि हळूच, बाळ पडू नये म्हणून अगदी हळूच, खाली बसलं. आत्या धावत आली, बाळाच्या कानात कुर्र्र केलं आणि नाव ठेवलं वैजयंता. राजानं लेकीला छातीशी धरलं नि हमसून हमसून रडला. मग दोन मेणे सुटले, एक म्हातारीला आणायला, एक पहारेकऱ्याला.

मग सिंहासन पुन्हा कधी उठलंच नाही? उठलं की! पाणी आटलं की उठायचं, बाजार मोडला की उठायचं. म्हणून तर राजधान्या बदलतात. पण आता उठण्याआधी ते विचारायचं, "सगळे आले का? माहेरी कोणी राहिलं नाही ना?" आणि शेवटचं माणूस येईपर्यंत जागचं हलायचं नाही. सगळे सुखानं राहिले.

चला, पांघरुणं घ्या. डोळे मिटा बघू. शेवटचं पिल्लू झोपेपर्यंत मी पण इथून हलत नाही.