भुरीची थरथर

रानांना अजून नावं पडली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. रानगव्यांच्या एका कळपापुढे भुरी नावाची म्हातारी गाय चालायची. तिचं वासरू एकदा नदी ओलांडायच्या उतारावर लोंढ्यात वाहून गेलं होतं. तेव्हापासून तिथं आलं की तिचे पाय थरथरत आणि ती कळपाला लांबच्या वाटेने नेई. तरणी जनावरं कुरकुरत.

शेवटी भुरी औषधी मुळ्या जाणणाऱ्या साळिंदराला म्हणाली, "ही थरथर तेवढी काढ बाबा. डोकं माझं शाबूत आहे."

साळिंदराने उकरून दिलेली मुळी तिने खाल्ली. थरथर थांबली.

दुसऱ्या दिवशी भुरी उतारावर शांत उभी राहिली. पाणी गुडघाभर होतं, पलीकडे हिरवं गवत होतं. डोंगरमाथ्यावरचे काळे ढगही तिला दिसले, पण नुसते दिसले. तिने कळप पाण्यात घातला. लोंढा आला आणि कपिली नावाच्या तरण्या गाईचं वासरू घेऊन गेला.

कपिली हंबरत म्हणाली, "मावशे, तुझंही इथंच गेलं होतं ना गं?"

"हो, इथंच," भुरी म्हणाली, आणि चरू लागली.

त्या दिवसापासून कळप कपिलीच्या मागे चालू लागला. उतारापाशी आलं की तिचे पाय थरथरत.