कोपऱ्यातलं तांबं

"मास्तर, आता यात आणखी काय बसवू?"

केतकीनं विचारलं खरं, पण आवाज पार रडवेला झाला होता.

समोर तिनं घरी बनवलेलं यंत्र डुलत होतं. माशांची जुनी काचेची टाकी, तिच्यात तांबं खाणारं तपकिरी पाणी. तांब्याचा थर असलेल्या बोर्डावर शाईनं रेघा काढायच्या, शाईखालचं तांबं वाचतं आणि बाकीचं हे पाणी खाऊन टाकतं. ते गरम ठेवायला हीटर, बुडबुडे सोडायला पंप, हलवायला भंगारातली वायपरची मोटर. इंजिनिअर पोरीचा सगळा जीव त्या यंत्रात! गावभर दाखवून झालं होतं.

आणि त्याच यंत्रानं सकाळपासून दोन सर्किट बोर्ड गिळले होते. पाणी शाईखाली शिरलं आणि बारीक रेघासुद्धा खाऊन बसलं.

तिकडे शेजारच्या शेवंताकाकूंचं अंडी उबवायचं मशीन बोर्ड जळून बंद पडलेलं. नवा बोर्ड पुण्याहून परवा येणार. तोवर अंडी गार पडली की संपलंच. काकू अंड्यांवर गोधड्या टाकून बसल्या होत्या आणि सारखं विचारत होत्या, "कुठवर आलं गं?"

कोरा बोर्ड आता एकच उरला होता.

"पाणी अजून तापवू? की मोटर जोरात फिरवू?"

खरमाटे मास्तरांनी आयुष्यभर रेडिओ दुरुस्त केले, पोरं शिकवली. घाईनं बोलणं त्यांना कधी जमलंच नाही.

"आधीचे दोन बाहेर कधी काढलेस?"

"तांब्याचा शेवटचा ठिपका गेल्यावर. काम करायचं तर चोख, असं तुम्हीच शिकवलंत की."

"हं..."

तिसरा बोर्ड टाकीत उतरला. बुडबुडे उठू लागले. रेघांच्या मधलं मोकळं तांबं हळूहळू निघून गेलं. एका कोपऱ्यात मात्र अंगठ्याएवढा लालसर डाग हटायलाच तयार नव्हता. केतकी त्याच्याकडे डोळे लावून बसली.

मास्तरांनी चिमट्यानं बोर्ड उचलला आणि सरळ बादलीतल्या साध्या पाण्यात बुडवला.

"अहो मास्तर! तांबं राहिलंय ना तिथं!"

"त्या कोपऱ्यातून तुझी एखादी रेघ जाते?"

"नाही... पण दिसायला..."

मास्तरांनी बोर्ड पुसला आणि तिच्या हातात ठेवला. शाई खरवडून केतकीनं पाहिलं. सगळ्या रेघा शाबूत होत्या.

मग काय, भोकं पाडली, सुटे भाग सोल्डरनं बसवले, वायरी जोडल्या. केतकीनं बोर्ड काकूंच्या मशीनमध्ये बसवला आणि बटण दाबलं.

दिवा लागला. पंखा घरघरला. ऊब सुरू झाली.

"वाचवलंस गं बाई!" काकूंनी तिला छातीशी धरलं. केतकीच्या जिवात जीव आला. ती तिथंच भिंतीला टेकून खाली बसली आणि पोटभर हसली.

पण स्वभावाला औषध नाही! जरा वेळानं तिची नजर पुन्हा बोर्डाकडे गेली.

"मास्तर, यंत्र सुधारते. पुढच्या वेळी असा डाग राहणार नाही बघा. आत्ताचाही काढून टाकू का?"

मास्तरांनी मशीनमधलं एक अंडं अलगद उचललं आणि तिच्या कानाशी धरलं.

आत कुणीतरी चोच मारत होतं... टक... टक...

केतकीचे डोळे भरून आले.

"आतल्याला विचार," मास्तर म्हणाले, "त्याला खुपतोय का."